बेताच्या वर्तनाचा दाखला

मी एक दाखला आहे. आवाज थोडा दबका येत असेल तर सांभाळून घ्या, कारण मी लॅमिनेट केलेला आहे. दोन्ही बाजूंनी जाड प्लॅस्टिक, चारही कोपरे गोल कापलेले. ज्या माउलीने हे केलं तिने प्रेमापोटी केलं, त्यामुळे तक्रार करायची तरी कुणाकडे?

माझा जन्म एप्रिल २०१५चा, सिंगापूरच्या एका लष्करी छावणीतल्या ऑफिसातला. इथे मुलगा वयात आला की त्याला दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात. नागरिकांच्या मुलांना तर लागतातच, पण पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेऊन राहिलेल्या आपल्या पुण्यामुंबईच्या इंजिनिअरांच्या मुलांनाही लागतात. ती दोन वर्षं संपली की मुलाच्या हातात जो कागद पडतो, तो मी.

माझ्या अंगावर मजकूर थोडाच आहे. वर सैन्याचं बोधचिन्ह, खाली साहेबांची सही आणि मध्ये नाव: रुचिर निशिकांत पारसनीस. हे नाव टाइप करताना कारकून अडखळला होता.

"निशिकांत हू?" त्याने विचारलं.

"माय फादर," रुचिर म्हणाला.

"यू सर्व्ह ऑर युअर फादर सर्व्ह?"

रुचिर नुसता हसला. त्याच्या वडिलांनी, म्हणजे निशिकांतरावांनी, शाळेच्या फॉर्मपासून लायब्ररीच्या कार्डापर्यंत ते मधलं नाव कुठेही गाळू दिलं नव्हतं. "आपल्यात असंच असतं," एवढंच ते म्हणत. त्यामुळे माझ्या अंगावरही ते आलं.

नावाखाली 'वर्तन' असा एक रकाना आहे. त्यात पाच पायऱ्यांपैकी एक छापतात. माझ्यावर छापली ती खालून दुसरी. मूळ शब्द इंग्रजी आहे, पण आपण त्याला 'बेताचं' म्हणू. यात माझा काही दोष नाही. मला जे छापलं ते मी सांगतो, आणि विचारलं नाही तरी सांगतो.

सुटून घरी आल्यावर रुचिर दोन दिवस नुसता झोपला. मी पाकिटात होतो, जेवणाच्या टेबलावर. तिथे मला त्याच्या आईने, विनीताबाईंनी पाहिलं.

विनीताबाईंकडे एक फाइल आहे. बारा वर्षांपूर्वी पुणं सोडताना त्यांनी दागिन्यांच्या आधी ती फाइल सामानात भरली होती म्हणे. तिच्यात रुचिरचं सगळं कर्तृत्व प्लॅस्टिकमध्ये बंद आहे: बालवाडीच्या फॅन्सी ड्रेसमधलं उत्तेजनार्थ, अबॅकसची तिसरी पातळी, पोहण्यातलं कांस्य, इथल्या गणेशोत्सवातलं पाठांतर. कागद हातात आला की आधी लॅमिनेशन, वाचणं मागाहून. इथली हवा दमट आहे, कागद टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. हवेबद्दल त्यांचं बरोबरच आहे.

त्यांनी माझं बोधचिन्ह पाहिलं, मुलाचं नाव पाहिलं आणि डोळे पुसले. रकान्यापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. अर्ध्या तासात आम्ही सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकखालच्या झेरॉक्सच्या दुकानात होतो.

"थिक ऑर थिन, आंटी?"

"थिक. मोस्ट थिक."

यंत्रातून जाताना काय चटके बसले ते सांगत नाही. बाहेर आलो तो असा, की पुन्हा कुणाला माझ्यावर काही लिहिता येणार नाही आणि खोडताही येणार नाही. तिथेच उभ्या उभ्या विनीताबाईंनी माझा फोटो काढला आणि 'पारसनीस परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: 'आमच्या रुचिरचं मिलिटरीचं सर्टिफिकेट!'

पुण्याहून बत्तीस अंगठे आले. तेहेतिसावा निरोप रवींद्रभाऊजींचा, म्हणजे त्यांच्या थोरल्या दिरांचा होता. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. कुठलाही फोटो मोठा करून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी लिहिलं होतं, 'अभिनंदन. पण कंडक्टपुढे काय छापलंय ते पाहिलंस का, विनीता?'

त्या काळी एकदा गेलेला फोटो परत घेता येत नसे. खरं सांगू? मला मात्र बरं वाटलं होतं. इतक्या लोकांत निदान एकाने तरी मला वाचलं होतं.

विनीताबाईंनी घरी येऊन रुचिरला उठवलं. तो डोळे चोळत आला. मला पाहून त्याचा पहिला प्रश्न होता, "आई, तू हे लॅमिनेट केलंस?"

"ते सोड. हे काय छापलंय?"

तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मागच्या वर्षी मार्चमध्ये मला शिक्षा झाली होती. पिऊन छावणीत गेलो होतो. चौदा दिवस डिटेन्शनमध्ये होतो."

"मागच्या मार्चमध्ये तू जंगलात ट्रेनिंगला होतास. फोन लागत नव्हता. बाबांनीच सांगितलं मला."

रुचिरने बाबांकडे पाहिलं. निशिकांतराव एसीच्या रिमोटमधले सेल तपासत होते. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत ते चाळीस माणसांच्या टीमचे मॅनेजर आहेत आणि अडचणीच्या वेळी त्यांना कुठलं तरी यंत्र तपासावंसं वाटतं.

माझ्या जन्माआधीची हकीकत मला चौकशीच्या कागदाने सांगितली. तो वर्षभर निशिकांतरावांच्या खणात दडून होता, त्या दिवसापासून माझ्या फाइलमध्ये राहायला आला. रविवारची संध्याकाळ. सुट्टी संपवून मुलं छावणीत परत येत होती. रुचिर झोकांड्या खात आला. गेटवर त्याच्याच तुकडीतला टॅन जुन हाव पहाऱ्याला होता. त्याने रुचिरचा दंड धरला आणि हळूच म्हणाला, "ब्रदर, स्लोली. सार्जंट इज लुकिंग." त्याला सावरायचं होतं एवढंच. रुचिरने त्याला जोरात ढकललं. जुन हाव पावसाच्या पाण्याच्या गटारात पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं.

कुठे प्यायलास, असं चौकशीत विचारलं तेव्हा रुचिरने उत्तर दिलं होतं, 'बाहेर, मित्रांबरोबर.' कागदावर तसंच आहे.

आता माझी अडचण कुणाला झाली ते ऐका. सैन्यात जाण्याआधी रुचिरने पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला होता. तुआसला बंदराच्या मोठ्या क्रेन सांभाळणारी एक कंपनी त्याला घ्यायला तयार होती. वडिलांना मुलगा वन-नॉर्थमधल्या काचेच्या इमारतीत बसायला हवा होता, पण रुचिरला लहानपणापासून क्रेनचं वेड. कंपनीने मला पाहिलं आणि सांगितलं की त्या उंचीवर काम करणाऱ्या माणसाच्या दाखल्यावर निदान 'चांगलं' असायला हवं. एक ऑगस्टपर्यंत जागा राखून ठेवतो, तोवर दुरुस्त करून आण.

दुरुस्तीचा रस्ता होता, तो म्हणजे अपील. मंजूर झालं तर नवा दाखला निघणार आणि मी रद्द होणार. म्हणजे माझ्याच घरात माझ्याच मरणाची तयारी सुरू झाली आणि तिच्यासाठी माझ्याच झेरॉक्स काढण्यात आल्या.

अपील लिहायचं काम निशिकांतरावांनी अंगावर घेतलं. रुचिरला त्यांनी जवळ बसवलं, पण लिहू दिलं नाही. 'आदरणीय महोदय, अत्यंत नम्रतापूर्वक निवेदन करतो की' अशा थाटाची चार पानं इंग्रजीत झाली. मुलगा गुणी आहे, वाईट संगतीत सापडला, आमचं घराणं सुसंस्कृत आहे, आमच्या कुटुंबात मद्याला कुणी स्पर्शही करत नाही. सोबत सतरा जोडपत्रं. अबॅकस गेलं, कांस्यपदक गेलं, पाठांतरही गेलं. फॅन्सी ड्रेसमधल्या उत्तेजनार्थाला मी फाइलमध्ये विचारलं, 'तू कशाला चाललास?' तो म्हणाला, 'वजन पडावं म्हणून.'

पत्रातलं इंग्रजी तपासायला धाकट्या अवनीला दिलं. ती चौदा वर्षांची, इथेच शिकलेली, वाक्याच्या शेवटी इथला 'ला' लावणारी. तिने लाल पेनने एकतीस चुका काढल्या आणि बत्तिसावीपाशी थांबली.

"बाबा, टीटोटलर फॅमिली मीन्स व्हॉट?"

"म्हणजे आपल्याकडे कुणी दारू पीत नाही."

"बट बॉम्ब शेल्टरमध्ये इलेव्हन बॉटल्स आहेत, ला."

"त्या पुण्याला न्यायच्या आहेत. रवींद्रकाकांसाठी."

"फोर आर ओपन."

"अवनी, तू फक्त ग्रामर बघ."

बॉम्ब शेल्टर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझा मुक्काम तिथेच असतो. इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये युद्धाच्या वेळी लपायला जाड भिंतींची आणि पोलादी दाराची एक खोली असते. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक तिथे अडगळ ठेवतात. आमच्याकडे गणपतीचं मखर, भाजणीचा डबा, ही फाइल आणि विमानतळावर करमुक्त मिळालेली व्हिस्की असा संसार एकत्र नांदतो. बाटल्यांबद्दल माझं मत वाईट नाही. लेबलावर जे लिहिलंय तेच त्यांच्या पोटात असतं.

रुचिरने त्या पत्रावर वडिलांच्या सहीखाली आपली सही केली. 'बाबा, हे खरं नाही,' असं त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं होतं. पण वडिलांनी दोन रविवार बसून लिहिलेलं पत्र होतं. त्याला ते मोडवलं नाही.

उत्तर जूनच्या सुरुवातीला आलं. चार पानं आणि सतरा जोडपत्रांना तीन ओळींचं उत्तर. ९ मार्च २०१४च्या घटनेबाबतचा अर्ज वाचला. अर्जात जखमी जवानाचा कुठेही उल्लेख नाही, म्हणून तो मंजूर करता येत नाही. अर्जदाराने स्वतःच्या शब्दांत लिहिलेला आणखी एकच अर्ज महिन्याच्या आत करता येईल.

निशिकांतराव चिडून येरझाऱ्या घालू लागले. विनीताबाईंनी ते पत्र हातात घेतलं. या वेळी मात्र त्यांनी पहिल्या अक्षरापासून वाचलं.

"नऊ मार्च," त्या म्हणाल्या. "अहो, हा तर तुमच्या प्रमोशनच्या जेवणाचा रविवार. मी दोन पातेली बिर्याणी केली होती."

निशिकांतरावांच्या येरझाऱ्या थांबल्या.

"रुचिर त्या दिवशी घरीच होता. संध्याकाळी इथूनच तर गेला छावणीत. मग मधे मित्र कुठले भेटले त्याला?"

"नो फ्रेंड्स," अवनी हळूच म्हणाली. "बाबांचे फ्रेंड्स."

मग सगळं बाहेर आलं. बाबांच्या मित्रांनी मिशीही नीट न फुटलेल्या त्या पोराला गणवेशात पाहून आग्रह केला होता, "अरे, फौजीला एक तरी हवी!" पहिला ग्लास निशिकांतरावांनी स्वतः ओतला होता. पाचवाही त्यांनीच ओतला होता. मुलगा मोठा झाला, आपल्या बरोबरीने बसला, याचा त्यांना कोण अभिमान वाटत होता.

"बाबांनी ओतली म्हणून मी प्यायलो असं नाही, आई," रुचिर म्हणाला. "मला मजा वाटत होती. सगळे काका मला 'साहेब' म्हणत होते."

"मग चौकशीत मित्रांचं का सांगितलंस?"

"त्या आठवड्यात बाबांचं प्रमोशन झालं होतं ना."

विनीताबाई आत निघून गेल्या. मी टेबलावर पालथा पडलो होतो, त्यामुळे निशिकांतरावांचा चेहरा मला दिसला नाही. रिमोट मात्र कुणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला मॅनेजर पुन्हा जागा झाला. "त्या जुन हावला भेट," ते म्हणाले. "त्याच्याकडून एक सपोर्टिंग लेटर घेऊन ये." रुचिरने मला पिशवीत घातलं आणि आम्ही निघालो.

जुन हावच्या आईचा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, फिशबॉल नूडल्सचा स्टॉल आहे. दुपारचे तीन वाजले होते, गिऱ्हाईक नव्हतं. जुन हाव झारे धूत होता. रुचिरला पाहून तो बाहेर आला, हात पुसले आणि समोरच्या स्टुलावर बसला. रुचिरने मला टेबलावर ठेवलं.

"वा! लॅमिनेटेड सम मोअर," जुन हाव म्हणाला आणि हसला. मग त्याने तो रकाना वाचला आणि त्याचं हसू गेलं. "सो यू वॉन्ट लेटर फ्रॉम मी?"

रुचिरने मान डोलावली. जुन हावने उजवं मनगट फिरवून दाखवलं. एका टोकाला येऊन ते अडत होतं. तीन महिने त्याला झारा धरता आला नव्हता आणि त्याची आई एकटी दोन्ही वेळचा स्टॉल ओढत होती. मग तो साध्या आवाजात म्हणाला, "यू नो, यू नेव्हर से सॉरी. वन टाइम ऑल्सो नेव्हर."

हे खरं होतं. चौकशीत सॉरी म्हणून झालं होतं, कमांडरला म्हणून झालं होतं, वडिलांच्या त्या चार पानी पत्रात तर सात वेळा होतं. ज्याला म्हणायचं तोच राहिला होता. रुचिर म्हणाला, "सॉरी, जुन हाव." मला त्या पोराची फार दया आली आणि त्याहून जास्त त्या मनगटाची.

"लेटर नको," रुचिर पुढे म्हणाला, इंग्रजीतच, पण खाली मान घालून. "मागायला आलो होतो. आता नको."

जुन हाव उठला. "यू राइट युअर ओन लेटर फर्स्ट," तो म्हणाला. "पुट माय नेम. फुल नेम." मग आत जाऊन त्याने नूडल्सचा एक वाडगा आणून रुचिरसमोर ठेवला. घरी मासे चालत नाहीत, तरी रुचिरने तो संपवला.

शनिवारी दुपारी रुचिरने अर्ज लिहिला. अर्धं पान. पहिल्याच ओळीत टॅन जुन हाव हे पूर्ण नाव. मी काय केलं, त्याला काय झालं. मी घरी, एका जेवणात, पाच ग्लास प्यायलो. चौकशीत मित्रांबरोबर प्यायलो असं सांगितलं, ते खोटं होतं.

निशिकांतरावांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"घरी हा शब्द काढ," ते म्हणाले. "मी सही करून लिहून दिलंय की आपल्या घरात कुणी पीत नाही. सरकारला खोटं लिहिलं असं होईल. आपल्या पीआरचं काय? अवनीच्या शाळेचं काय?"

"तुमचं नाव मी कुठे घातलंय, बाबा?"

"घर माझंच आहे ना!"

"हो," रुचिर म्हणाला. "म्हणूनच वर्षभर बाहेर सांगितलं. आता नाही सांगवत. जुन हावचं नाव घातल्यावर खालची ओळ खोटी लिहिता येत नाही, बाबा."

निशिकांतराव तिथून उठले आणि शेल्टरमध्ये आले. मी तिथे फाइलमध्ये होतो. त्यांनी दार लोटून घेतलं, दिवा लावला आणि बराच वेळ बाटल्यांपुढे उभे राहिले. एकीचं बूच त्यांनी काढलं आणि परत लावलं. मग मला फाइलमधून बाहेर काढलं. या घरात मला सगळ्यांनी पाहिलं होतं, पण त्यांनी आजवर कधी हातात घेतलं नव्हतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यांचा अंगठा नावावर होता. मला भीती वाटली की हा माणूस आता मला मोडतो की काय. पण मी जाड आहे.

बाहेर येऊन त्यांनी स्वतःचं एक पत्र लिहिलं. तीन वाक्यं. आमच्या कुटुंबात मद्य चालत नाही असं मी आधीच्या पत्रात लिहिलं, ते खोटं आहे. त्या रविवारी माझ्या मुलाला पाचही ग्लास मी ओतले. नंतर त्याने जे केलं त्याला तो जबाबदार आहे, आणि ओतण्याला मी.

पत्र त्यांनी अवनीपुढे ठेवलं. तिने लाल पेन उघडलं, वाचलं आणि टोपण लावलं.

"करेक्ट करायला काही नाही, बाबा," ती मराठीत म्हणाली.

पुढचे दिवस त्या घरात कुणाला झोप नव्हती. दारावर टपाल पडलं की निशिकांतराव सगळ्यात आधी धावत. पीआर रद्द झाल्याचं पत्र येईल या धास्तीने त्यांनी मनातल्या मनात सामान बांधून पुण्याला दोनदा बिऱ्हाडही केलं. तसं काही आलं नाही. जुलैच्या मध्यावर दोन ओळी आल्या: वर्तनाचा शेरा 'चांगलं' असा सुधारण्यात येत आहे, मूळ दाखला घेऊन यावं. जुन हावलाही बोलावून विचारलं होतं, हे नंतर कळलं. तो काय म्हणाला ते त्याने रुचिरला कधी सांगितलं नाही आणि रुचिरने विचारलं नाही.

म्हणजे माझी घटका भरली. वडील आणि मुलगा दोघे मला घेऊन त्या ऑफिसात गेले. नवा दाखला तिथे तयार होता, कोरा करकरीत, माझ्यासारखाच, एका शब्दाने सरस. कारकुनाने मला पुढे ओढलं, 'रद्द'चा लाल शिक्का उचलला आणि माझ्या छातीवर दाबला. मी डोळे मिटले. शिक्का उचलताच शाई ओघळली. त्याने पुन्हा मारला. बोटाने जरा लागताच सगळं पुसलं गेलं.

"अय्यो, हू लॅमिनेट धिस?"

"माय मदर," रुचिर म्हणाला.

कारकुनाने तिसऱ्यांदा प्रयत्न केला, नॅपकिनने हात पुसले आणि नाद सोडला. मग खणातून पंच काढून त्याने माझ्या वरच्या कडेला एक भोक पाडलं. "ओके, कॅन्सल्ड. यू कीप," म्हणत त्याने मला परत दिलं. दुखलं, पण शाईपेक्षा बरं.

घरी विनीताबाईंनी नव्या दाखल्याला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं. आनंदाच्या भरात त्यांनी विचारलं, "लॅमिनेट करून आणू?" आणि तिघंही एकदम ओरडली, "नको!" एक ऑगस्टला रुचिर कामावर गेला. बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला, कंपनीच्या बसने. तिथे रोज क्रेनवर चढण्याआधी नळीत फुंकून दाखवावं लागतं. त्याची त्याला लाज वाटत नाही. महिन्यातून एकदा तो जुन हावच्या स्टॉलवर जातो आणि गर्दीच्या वेळी झारा धरतो.

रवींद्रकाकांच्या बाटल्या दिवाळीत नेहमीप्रमाणे पुण्याला गेल्या. त्यांनी त्या आनंदाने ठेवून घेतल्या आणि 'त्या कंडक्टचं पुढे काय झालं?' हेही विचारलं.

आणि मी? मला केरात टाकतील असं वाटलं होतं. पण एका शनिवारी निशिकांतराव मला घेऊन शेल्टरमध्ये आले. या भिंतींत खिळा ठोकायला मनाई आहे, म्हणून त्यांनी चिकटणारा हुक आणला होता. मला रद्द करायला पाडलेलं भोक त्यांनी त्या हुकात अडकवलं. बाटल्यांच्या बरोबर समोर. त्या शनिवारी त्यांनी फक्त चिवड्याचा डबा नेला. दुसऱ्या शनिवारी बाटली नेली. मी खोटं बोलणार नाही. पण जाताना माझ्याकडे बघून नेली, आणि परत आणली तेव्हा ती बरीच भरलेली होती.

परवा रविवारी पुन्हा जेवण होतं. तेच काका, तीच बिर्याणी. बाहेरून आवाज आला, "अरे, आमच्या क्रेनवाल्याला एक तरी द्या!" रुचिर म्हणाला, "उद्या शिफ्ट आहे, काका." "एकाने काय होतंय!" असं तीनचार जण एका सुरात म्हणाले.

तेवढ्यात शेल्टरचं दार उघडलं. निशिकांतराव आत आले, मला हुकावरून काढलं आणि बाहेर नेऊन बिर्याणीच्या पातेल्याशेजारी ठेवलं. चष्मे कपाळावरून नाकावर आले. एकाने मोठ्यांदा वाचलं, "कंडक्ट..." आणि तो थांबला.

"हा कुणाचा रे?" दुसऱ्याने विचारलं. वाचता येत नव्हतं असं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

निशिकांतरावांनी माझ्या अंगावर बोट ठेवलं, रुचिर आणि पारसनीस यांच्या बरोबर मध्ये.

"माझा," ते म्हणाले. "पाच ग्लास मी ओतले होते."

कुणी हसलं नाही. विनीताबाईंनी ताटं वाढायला घेतली. रुचिर वडिलांच्या शेजारी जाऊन बसला, आणि त्याला कुणी पुन्हा आग्रह केला नाही.

आता मी परत हुकावर आहे. या खोलीचं दार पोलादी आहे, ते लागलं की आतलं बाहेर ऐकू जात नाही, म्हणून लागायच्या आत एक सांगतो. तुमच्याही घरात एखादी फाइल असेल, तिच्यात मुलांचे दाखले असतील. एकदा काढून सगळे नीट वाचा. मुलाचं नाव तर तुम्ही वाचालच. मधलंही वाचा.